जुनी लाकूडकाम यंत्रे : दुरुस्ती व पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण 1960 पर्यंत बनलेली बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत), रंधा यंत्रे, गोल करवती, लेथ अशी अवजड यंत्रे खोलून, झिजलेले वा मोडलेले भाग दुरुस्त करून किंवा नव्याने बनवून पुन्हा कामाला लावण्याची ही पद्धत. तिचा मुख्य प्रसार अमेरिका व ब्रिटन या देशांत आहे. अमेरिकेत फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरातील ऑलिव्हर व टॅनेविट्झ, विस्कॉन्सिनमधील बेलॉइटची येट्स-अमेरिकन, ओहायोतील क्रेसेंट, तसेच इंग्लंडमध्ये लेस्टर येथे 1897 मध्ये सुरू झालेली वॉडकिन या कंपन्यांची यंत्रे हौशी आणि व्यावसायिक सुतार आजही शोधत असतात. या यंत्रांचे सुटे भाग बाजारात सहसा मिळत नाहीत. त्यामुळे हे काम करणाऱ्याला सुतारकामापेक्षा फिटरकाम आणि ओतकामच जास्त यावे लागते.

यंत्राचा सांगाडा जाड बिडाचा असतो. बीड कंपने शोषून घेते, सहसा झिजत नाही आणि वरवर गंजले तरी आतून शाबूत राहते. खराबी असते ती बेअरिंगांत, बँडसॉच्या चाकांवरील रबरी धावेत, विजेच्या जोडणीत आणि हलवाहलवीत मोडलेल्या कानांत व हँडलांत.

यांतले सर्वांत कसबाचे काम बॅबिट बेअरिंगचे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने 1839 मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. कथील, अँटिमनी आणि थोडे तांबे असा हा मऊ मिश्रधातू आपल्याकडे व्हाइट मेटल म्हणून ओळखला जातो. स्वस्त प्रकारांत कथिलाऐवजी मुख्यतः शिसे असते. बॉल बेअरिंग रुळण्यापूर्वीच्या यंत्रांत शाफ्ट थेट या धातूच्या कवचात, तेलाच्या पापुद्र्यावर फिरत असे. कवच झिजले की ते वितळवून काढायचे आणि नवे तिथेच ओतायचे. शाफ्ट, किंवा त्याच्याच मापाचा दुसरा गज, टेबलाशी समांतर बसवून पक्का करतात. धातू चिकटू नये म्हणून त्यावर काजळी धरतात. दोन्ही टोके पुट्टीने बुजवतात, तेलाच्या भोकात लाकडी खुंटी ठोकतात. बीड आधी चांगले तापवून घ्यावे लागते, कारण आत पाण्याचा अंश राहिला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू अंगावर उडतो. रस पुरेसा तापला की नाही हे पाहायला जुने कारागीर त्यात पाइनची काडी बुडवतात. ती करपून तपकिरी झाली की ओतायला हरकत नाही. मग सगळा रस एका दमात ओततात. मधे हात थांबला तर दोन थर एकजीव होत नाहीत. खालचा अर्धा भाग झाला की पातळ पत्र्याचे शिम ठेवून वरचे झाकण ओततात.

ओतणे तासाभरात उरकते, खरा वेळ जातो तो स्क्रेपिंगला. शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा, जिथे डाग उमटेल तिथे पात्याने खरवडायचे, पुन्हा फिरवायचा. शाफ्ट व बेअरिंग यांत व्यासाच्या सुमारे एक हजारांश इतकी फट ठेवतात. पुढे झीज झाली की एखादा शिम काढून झाकण आवळता येते. हे सगळे टाळून बॉल बेअरिंग बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. पण नीट ओतलेले आणि वेळच्या वेळी तेल मिळालेले बॅबिट अनेक दशके टिकते, तेव्हा निव्वळ भीतीपोटी मूळ घडण बदलण्यात फारसा अर्थ नाही.

बिडाचा तडा जोडायला ब्रेझिंग, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून सांधणे, बरे. तुकडा आधी तापवून घेतात आणि नंतर राखेत किंवा वाळूत पुरून हळूहळू निववतात. घाई केली तर जोडाशेजारीच नवा तडा जातो. बँडसॉची चाके आणि कटरब्लॉक (रंधा यंत्रात पाती बसवलेला फिरता ठोकळा) मात्र जोडून वापरू नयेत. हरवलेला भाग ओतून घेताना मोडक्या भागाचे तुकडे चिकटवून त्याचाच पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचा नमुना, करण्याचा मोह होतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे असा भाग तेवढाच लहान निघतो. पॅटर्नवर जादा थर चढवावा लागतो. 1930 नंतरच्या हलक्या यंत्रांतील जस्ताच्या ओतीव भागांना तर उपायच नाही. जस्तात शिशाची भेसळ असेल तर तो भाग आतून फुगून भुगा होतो.

गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने विद्युत अपघटन करतात. वस्तू ऋण टोकाला आणि साधे लोखंड धन टोकाला जोडतात. तिथे स्टेनलेस स्टील वापरल्यास विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन निघत असल्याने हे उघड्यावरच करावे. जुन्या रंगात बहुधा शिसे असते, म्हणून तो कोरडा घासू नये.

काही भाग मूळ रूपात न ठेवणेच शहाणपणाचे. जुन्या रंधा यंत्रांचा चौकोनी कटरब्लॉक हा त्यांतला पहिला. त्याच्या सपाट बाजूंमुळे टेबलाच्या फटीत मोठी पोकळी राहते आणि निसटलेला हात खोलवर ओढला जातो. ब्रिटनमध्ये हाताने लाकूड सरकवायच्या रंधा यंत्रांवर गोल ब्लॉकची सक्ती 1922 च्या नियमांनीच केली होती.

भारतात असे अमेरिकन यंत्र आणले तर आणखी एक अडचण येते. मोटर थेट शाफ्टवरच असेल तर 60 हर्ट्झवर मिनिटाला 3600 च्या आसपास असलेले फेरे इथल्या 50 हर्ट्झवर 3000 च्या आसपास येतात. पुली बदलून भागत नाही, कारण मधे पट्टाच नसतो. वारंवारता बदलणारा ड्राइव्ह लावावा लागतो.