झ्ब्रूच तिथे नाहीच!

रशियन लेखक इसाक बाबेलचा ‘रेड कॅव्हलरी’ हा कथासंग्रह म्हणजे त्याची युद्धातली रोजनिशीच, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. १९२० च्या पोलंड मोहिमेत तो बातमीदार म्हणून लाल सैन्याचा सेनानी बुद्योनी याच्या घोडदळासोबत होता, कथांच्या निवेदकाचं ल्यूतोव हे नावही त्याचंच टोपणनाव, रोजनिशीही त्याने लिहिली; पण ती वेगळी.

पहिलीच कथा बघा. नोव्होग्राद-वोलिन्स्क पडलं आणि सैन्य झ्ब्रूच नदी ओलांडतंय. नकाशा काढा: त्या गावाची नदी स्लुच! झ्ब्रूच कितीतरी दूर, नैऋत्येला. बातमीदाराची ही चूक? मला नाही वाटत. झ्ब्रूच म्हणजे रशिया-ऑस्ट्रियाची जुनी सरहद्द; ओलांडायला लेखकाला तीच हवी होती. बुद्योनी मात्र १९२४ साली या कथांवर खवळलाच, आपल्या घोडदळाची बदनामी म्हणून.