मेणाच्या होडीवरून जहाजाचा अंदाज

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या की काठावरच्या गर्दीची नजर वल्ह्यांवर असते. माझी जाते होडीच्या कडेने उठणाऱ्या लाटांवर. वल्हवणाऱ्यांचा घाम बराचसा या लाटा उठवण्यातच जातो. वेग वाढेल तशा त्या लांबत जातात. लाटेची लांबी होडीइतकी झाली की होडी आपल्याच लाटेच्या दोन माथ्यांत सापडते आणि पुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. ९ मीटरच्या होडीला ही मर्यादा ताशी साधारण १३.५ किलोमीटरला गाठते, १०० मीटरच्या जहाजाला ४५ ला. लांबी अकरापट, वेग मात्र सव्वातीनपटीच्या जरासा वर. हे गणित वर्गमुळाचं आहे.

जहाज बांधण्याआधी टाकीत त्याची प्रतिकृती ओढून बघतात, ती याच गणिताच्या भरवशावर. प्रतिकृती २५ पट लहान असेल तर वेग ५ पट कमी ठेवायचा. १०० मीटरचं जहाज तिथे ४ मीटरचं होतं, ५,००० टनांचं वजन ३२० किलोवर येतं आणि ५ मीटरची लाट वीतभर उरते. वेळही ५ पट आखडते, म्हणून प्रतिकृती घाईघाईने डुलताना दिसते.

खरी अडचण घर्षणाची. पाणी जहाजाच्या अंगाला घासतं त्याचा नियम वेगळा. तो पाळायचा तर त्याच पाण्यात प्रतिकृती जहाजाच्या २५ पट वेगाने पळवावी लागेल! विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने इथे जी वाट काढली, तिला मी मनापासून दाद देतो. १८७२ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीला त्यांनी टाकी उभारली. मेणाच्या प्रतिकृती ओढून एकूण विरोध मोजला, सपाट फळ्या ओढून घर्षण वेगळं काढलं आणि लाटांचा विरोध तेवढा जहाजाच्या मापाला वाढवला. घर्षणाचा हिशेब जहाजासाठी नव्याने मांडला.

आजही रीत बरीचशी तीच आहे. लहान प्रतिकृतीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पाणी फार सुरळीत वाहतं, जहाजापाशी तसं वाहत नाही. म्हणून तिथे बारीक खुंट्या किंवा वाळूची पट्टी चिकटवतात. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेतली टाकी तर ५०० मीटर लांब आहे, कारण वेग घ्यायला, तो स्थिर ठेवून मोजायला आणि थांबायला जागा लागते.

फ्रूड यांनी ताळाही करून पाहिला. १८७१ मध्ये ‘ग्रेहाऊंड’ हे खरं जहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रात ओढवून त्यांनी दोरावरचा ताण मोजला होता. प्रतिकृतीवरून काढलेले आकडे त्याच्याशी चांगले जुळले.