दोनशे किलोंचं टेबल हलकं, सहा किलोंचा स्क्रू जड

जुन्या मिलिंग मशीनला (धातू कापून आकार देणाऱ्या यंत्राला) सर्व्हो, म्हणजे आपली जागा सतत तपासून चूक सुधारणारी मोटर, बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मोटर किती वॅटची घेऊ?" माझ्या मते सगळा घोळ या प्रश्नापासूनच सुरू होतो. रिट्रोफिट, म्हणजे जुन्या मशीनला नवी यंत्रणा जोडणं, हे दुय्यम दर्जाचं काम, असाही एक समज आहे. पण १९५२ साली एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीने आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं, तेही सिनसिनाटी कंपनीच्या तयार मशीनला सर्व्हो जोडूनच!

भोसरीतल्या एका मित्राने मशीनच्या एक्स अक्षाला, म्हणजे टेबल आडवं सरकवणाऱ्या दिशेला, ४०० वॅटची मोटर लावली. टेबल सरकायचं, पण थांबलं की मोटर बारीक शिट्टी मारायची. मोटरच्या अंगावर तळहात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं वाटे. जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लाटा उमटत होत्या. विक्रेत्याचं म्हणणं, मोटर कमी पडते. कुणीतरी पॅनलला लिंबू-मिरचीही बांधून गेलं. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार मीही घालतो. त्यात कृतज्ञता आहे. पण शिट्टीचं कारण दृष्ट नसून गणित आहे, आणि ते शाळेतल्या गणिताने सुटतं.

आधी जोर पाहू. ही मोटर सतत १.२७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. मोटर फिरवते त्या, टेबल सरकवणाऱ्या बॉल स्क्रूचा पिच ५ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात टेबल ५ मिमी पुढे. त्यातून टेबलावर सुमारे १४५ किलोंचा रेटा मिळतो. त्या मशीनवरच्या कामाला तो पुरेसा होता. जोर कमी नव्हताच.

अडलं होतं जडत्वापाशी. फिरणारी वस्तू फिरायला आणि थांबायला किती हट्ट करते, हे तिच्या वजनाइतकंच ते वजन अक्षापासून किती लांब आहे यावर ठरतं. आणि अंतराचा तर वर्ग होतो. टेबल आणि त्यावरचा जॉब धरून २०० किलो. पण पिचला २π ने भागलं की येतात जेमतेम ०.८ मिमी. म्हणजे मोटरच्या दृष्टीने ते दोनशे किलो अक्षापासून केसभर अंतरावर गुंडाळलेले आहेत. त्यांचं जडत्व भरतं अवघं १.३ किलो-सेंमी वर्ग. आता स्क्रू घ्या: ३२ मिमी व्यासाचा, एक मीटर लांब, वजन साधारण सव्वासहा किलो. त्याचं वजन सरासरी ११ मिमी अंतरावर पसरलेलं आहे, म्हणून त्याचं जडत्व ८! सहा किलोंचा स्क्रू दोनशे किलोंच्या टेबलाच्या सहापट जड. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा तीनदा तपासलं होतं. व्यासाचा चौथा घात लागतो, त्यामुळे तोच स्क्रू २५ मिमीचा असता तर आकडा तीनवर आला असता.

मोटरच्या रोटरचं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचं, स्वतःचं जडत्व सुमारे ०.३. म्हणजे स्क्रू आणि टेबल मिळून भाराचं जडत्व त्याच्या तीसपट. मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारं उपकरण) वाचून चूक सुधारतो. पण हलका रोटर लगेच वळतो आणि कपलिंगपलीकडचा (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या सांध्यापलीकडचा) जड स्क्रू मागे राहतो. कपलिंग किंचित पिळतं, स्क्रू उशिरा धावतो आणि रोटरला पुढे ढकलतो. ड्राइव्ह पुन्हा उलटा झटका देतो. ती शिट्टी म्हणजे ही ओढाताण. भार आणि रोटर यांच्या जडत्वाचं गुणोत्तर पाचच्या आसपास असलं तर उत्तम, दहाच्या आत असलं तरी निभतं.

आम्ही मोटर तीच ठेवून २:१ टायमिंग बेल्ट (दात्यांचा पट्टा) लावला: मोटरचे दोन फेरे, स्क्रूचा एक. गिअरिंगचा इथेही वर्ग होतो: भार चौथाई झाला आणि गुणोत्तर आठाच्या घरात आलं. रेटाही जवळपास दुप्पट झाला. किंमत मोजली ती वेगात: ३००० आरपीएमला टेबल मिनिटाला साडेसात मीटर, त्याहून जास्त नाही.

मग ड्राइव्हला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरची पाळी. एन्कोडरच्या २५०० रेघा, चौपट करून फेऱ्याला १०,००० काउंट. ३००० आरपीएमसाठी सेकंदाला पाच लाख पल्स (हुकमाचे विजेचे ठोके) हवेत. मित्राचा कंट्रोलर द्यायचा एक लाख. तसंच चालवलं असतं तर मोटर ६०० आरपीएमवर अडकली असती. ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये आम्ही ५ टाकले: कंट्रोलरचा एक पल्स म्हणजे पाच काउंट, टेबलाची हालचाल १.२५ मायक्रॉन. झेड, म्हणजे उभ्या, अक्षाला ब्रेकवाली मोटर घेतली, नाहीतर वीज गेल्यावर हेड खाली येतं.

ड्राइव्हचा गेन (चूक सुधारण्याचा कडकपणा) वाढवून पुन्हा मोटरवर हात ठेवला. ती गप्प होती.