पिवळ्या देवगांडुळाचं बेट

आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या साओ टोमे बेटावरच्या ओल्या रानात पालापाचोळा उकरला की कधीकधी एक पिवळाधमक जीव वळवळताना दिसतो. वाटतं गांडूळ, पण त्याला पाठीचा कणा असतो. हा बेडकाचा दूरचा नातलग, बिनपायांचा उभयचर. सह्याद्रीतल्या त्याच्या भाऊबंदांना आपण देवगांडूळ म्हणतो, साओ टोमेचे लोक याला ‘कोब्रा बोबो’ म्हणतात.

प्रश्न असा, की तो इथे आला कसा? हे बेट समुद्रतळातून ज्वालामुखीने वर आणलेलं. आफ्रिकेचा किनारा सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, आणि मधला समुद्र इतका खोल की बेट मुख्य भूमीला कधीच जोडलेलं नव्हतं. खारं पाणी तर उभयचरांच्या पातळ कातडीला घातक. शास्त्रज्ञांचा कयास असा: काँगो किंवा नायजरसारख्या नद्यांच्या महापुरात काठाचे तुकडे झाडांसकट तुटून वाहत आले आणि त्या मातीत हा जीव तगला. पुराच्या पाण्याने समुद्राचा वरचा थर कमी खारट होतो, हेही त्याच्या पथ्यावर पडलं असावं. मला हा प्रवास विलक्षण वाटतो.

माणसं मात्र स्वखुशीने आली नाहीत. 1470च्या सुमारास पोर्तुगीज पोहोचले तेव्हा बेट निर्मनुष्य होतं. त्यांनी उसासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले, पुढे एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून कोको आला. 1875 साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अंगोलाहून ‘करारी’ मजूर आणणं चालूच राहिलं. त्यांचे हाल इतके की 1909 मध्ये बड्या ब्रिटिश चॉकलेट कारखानदारांनी इथला कोको घेणं थांबवलं. आजचे सव्वादोन लाखांच्या आसपासचे रहिवासी बहुतांशी या गुलामांचे आणि मजुरांचेच वंशज. राज्यभाषा पोर्तुगीज, पण घरात फोरोसारख्या मिश्र भाषाही बोलतात.

12 जुलै 1975 रोजी साओ टोमे आणि प्रिन्सिपे हा दोन बेटांचा देश पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. सुरुवातीला एकाच पक्षाची सत्ता होती, 1990 साली नवी राज्यघटना आली आणि 1991 पासून बहुपक्षीय निवडणुका होतात. राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते, कारभार पंतप्रधान पाहतात, संसदेत 55 जागा.

देशाचं दुसरं बेट प्रिन्सिपे, दीडशे किलोमीटरवर. ते साओ टोमेपेक्षा दुपटीने जुनं, तरी तिथे हे देवगांडूळ नाही. तिथले पक्षीही बरेचसे वेगळे. 1995 पासून प्रिन्सिपेला स्वतःचं प्रादेशिक सरकारही आहे.