तयार नोट्स आम्ही का देत नाही : दहावीच्या विज्ञानाच्या अभ्यासाविषयी पालक व विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

दहावीसाठी प्रवेश घेतल्यानंतर पहिल्या पंधरवड्यातच बहुतेक पालक आम्हांला एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे शिकवून झालेल्या पाठाच्या नोट्स कधी मिळणार. आमच्या वर्गात तयार नोट्स दिल्या जात नाहीत. त्यामागचे कारण प्रत्येकाला फोनवर सविस्तर सांगणे शक्य होत नसल्याने ते येथे एकदाच नीट मांडत आहोत.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो वाचलेले पुन्हा वाचण्यात. ‘उष्णता’ हा पाठ विद्यार्थी तीन वेळा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगवतो, चौथ्या वाचनात प्रत्येक ओळ ओळखीची वाटू लागते आणि पाठ तयार झाला असे तो मनापासून मानतो. पुस्तक मिटून पाण्याचे असंगत आचरण स्पष्ट करायला सांगितले, की मात्र त्याला ‘4 अंश सेल्सिअस’ एवढेच आठवते. तापवताना 0 ते 4 अंशांपर्यंत पाणी प्रसरण पावण्याऐवजी आकुंचन पावते, 4 अंशांना त्याची घनता सर्वाधिक असते, म्हणून थंड प्रदेशातील तलाव वरून गोठला तरी तळाशी पाणी राहते आणि मासे जगतात, ही साखळी त्याला जोडता येत नाही. छापलेली ओळ ओळखता येणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर उत्तर लिहिता येणे वेगळे. विज्ञानाच्या दोन्ही भागांच्या प्रश्नपत्रिका प्रत्येकी 40 गुणांच्या आणि 2 तासांच्या असतात. तेथे आठवत बसायला सवड नसते.

हा केवळ आमचा अनुभव नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील (सेंट लुईस) रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे 81 टक्के मजकूर आठवला, इतरांना 75 टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले आणि दोनदा वाचणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्क्यांवर आले, तर लिहून काढणाऱ्यांचे 56 टक्के राहिले. आदल्या रात्री सगळे येत होते, पेपरात काहीच आठवले नाही, या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा येथेच असते.

म्हणून आमच्याकडे पाठ असा केला जातो. आधी पाठाच्या शेवटचा स्वाध्याय वाचायचा, म्हणजे काय शोधायचे आहे ते कळते. मग एकच उपघटक वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि कच्च्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचे. आकृती किंवा आलेख असेल तर तोही न पाहता काढायचा. बर्फाला उष्णता देत राहिल्यावर तापमान व काळ यांचा आलेख कसा दिसतो हे काढताना 0 अंशांवर रेषा आडवी का राहते, दिलेली उष्णता कोठे जाते, हे ज्याला सांगता आले त्याला अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता बर्फ वितळवण्यात वापरली जाणारी उष्णता) समजला. यानंतर पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरायचे. पुन्हा वाचायचे ते फक्त हे लाल मुद्दे. दोन दिवसांनी आणि नंतर आठवड्याने तोच उपघटक पुन्हा न पाहता लिहायचा. बालभारतीच्या पुस्तकातील ‘थोडे आठवा’ आणि ‘जरा डोके चालवा’ या चौकटी मुले सर्रास वगळतात, हे आम्हांला फार खटकते, कारण स्वतःला तपासण्याचे ते प्रश्न पुस्तकातच आयते दिलेले असतात.

गाईडला आमचा विरोध नाही. मात्र ते आपले उत्तर लिहून झाल्यावर ताडून पाहण्यासाठी उघडावे. गाईडमधील उत्तर वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यात संध्याकाळ जाते, पान भरते, पालकांना समाधान वाटते आणि शनिवारच्या चाचणीत तोच प्रश्न कोरा राहतो. मग तो पाठ आम्हांला नव्याने घ्यावा लागतो आणि सगळ्या वर्गाचा एक दिवस जातो.

ही पद्धत सुरुवातीला जड वाटते, पहिल्या दोन-तीन चाचण्यांत गुणही कमी पडतात, आणि नेमक्या याच वेळी काही पालक वर्ग बदलण्याचा विचार करतात. त्यांना आमची विनंती आहे की पहिली सहामाही होईपर्यंत थांबावे. प्रत्येक विद्यार्थ्याची कच्ची वही आम्ही दर आठवड्याला स्वतः पाहतो आणि कोणता मुद्दा वारंवार सुटतो ते त्यावर लिहून देतो. विद्यार्थिसंख्या मर्यादित ठेवण्याचे कारणही हेच आहे. प्रवेश घेण्यापूर्वी पद्धत पाहायची असल्यास आपल्या पाल्याला एक आठवडा विनाशुल्क बसता येईल. येताना पाठ्यपुस्तक, एक कच्ची वही आणि लाल पेन आणावे. वहीतील चुका घरी खोडून किंवा दुरुस्त करून पाठवू नयेत. आम्हांला त्या तशाच पाहायच्या असतात.