बाहेर आलेले कान आणि हट्टी कार्टिलेज

घरात बाळ आलं की नाक कोणासारखं, हनुवटी कोणाची, हे सगळं पहिल्या दोन दिवसांत बोलून होतं, आणि कान जरा बाहेर आलेले दिसले की कोणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, अगं बसतील आपोआप, टोपडं नीट बांध म्हणजे झालं. विषय तिथेच संपतो तो थेट शाळेत निघतो, जेव्हा पोरं "हत्ती" नाहीतर "सुपकान्या" म्हणायला लागतात आणि पोरगी वेणी घालू देत नाही, केस कानावरच ओढून घेते. हे मला मनापासून लागतं, कारण या दोन प्रसंगांच्या मधे काही आठवडे असे असतात की ज्यात हा प्रश्न सुरीशिवाय सुटू शकतो, आणि ते आठवडे आपण फक्त माहीत नाही म्हणून घालवतो.

आधी कान बाहेर का येतो ते बघू. आत्ता स्वतःच्या कानाला हात लावून बघा. सगळ्यात बाहेर गोल वळलेली कड आहे, तिच्या थोडं आत तिला समांतर जाणारी दुसरी उंचवट्याची घडी आहे जी वर जाऊन दोन फाट्यांत फुटते, मग मधे खोलगट वाटी आणि खाली मऊ पाळी. यातली ती दुसरी, आतली घडी सगळ्यात महत्त्वाची. कागदाला मधे घडी घातली की त्याची कड जशी मागे वळते तसं ही घडी कानाच्या वरच्या भागाला डोक्याकडे वळवते. काही जणांत ही घडी पडतच नाही किंवा अर्धवट पडते, मग कान सपाट राहतो आणि बाजूला उघडतो. दुसरं कारण म्हणजे मधली वाटी गरजेपेक्षा खोल असणं, त्याने अख्खा कानच डोक्यापासून लांब ढकलला जातो. बऱ्याच जणांत दोन्ही थोडं थोडं असतं. साधारणपणे कानाची कड आणि डोकं यांच्यातलं अंतर दीड ते दोन सेंटिमीटर असतं, दोनच्या बरंच वर गेलं की समोरून बघणाऱ्याच्या नजरेत भरतं. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 5 टक्के जणांचे कान असे असतात असं पुस्तकांत असतं, आणि हे घराण्यात चालतं, आजोबा-बाबा-नातू असे एकाच फोटोत दिसतात. गरोदरपणात आईने काय खाल्लं, कशी झोपली, याचा काही संबंध नाही, त्यामुळे सुनेला बोल लावायचं कारण नाही.

कानाची सुरुवात गर्भात साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात होते, आणि तीही मानेच्या बाजूला, खाली. सहा छोटे उंचवटे येतात, ते एकमेकांत मिसळतात, जबडा वाढतो तसा कान वर सरकतो आणि घड्या पुढच्या महिन्यांत पडत जातात. इतकी गुंतागुंत असताना बहुतेकांचे दोन्ही कान जवळजवळ सारखे निघतात याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

ऐकू येण्यात काही फरक पडतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. नाही पडत. पण म्हणून कानाचा बाहेरचा आकार नुसता शोभेचा आहे असंही नाही. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो, पण वरून आला की खालून हे कळतं ते या घड्यांमुळे, कारण आवाज त्यांच्यावर आपटून आत जाताना थोडा बदलतो आणि तो बदल प्रत्येकाच्या कानाचा वेगळा असतो. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या कानात छोटे साचे बसवून आकारच बदलून टाकला. सुरुवातीला त्या माणसांना वर-खालचा अंदाजच येईना, पण काही आठवड्यांत मेंदू नवीन कान शिकला, आणि पुढची गंमत म्हणजे साचे काढल्यावर जुन्या कानांनीही त्यांना लगेच बरोबर कळायला लागलं, म्हणजे मेंदूने नवीन शिकताना जुनं पुसलं नव्हतं. मला हा प्रयोग फार आवडतो. कान मागे घेण्याच्या ऑपरेशनला घाबरणाऱ्यांनी तर तो जरूर लक्षात ठेवावा.

आता त्या आठवड्यांबद्दल. कानाचा सांगाडा कार्टिलेजचा असतो, शाळेच्या पुस्तकातली कास्थी. कानातली कास्थी लवचिक जातीची, दुमडा, सोडा, परत जागेवर. हा तिचा हट्ट आयुष्यभर राहतो, फक्त जन्मानंतरचे थोडे दिवस सोडून. आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन बाळाच्या रक्तात आलेलं असतं, त्यामुळे कार्टिलेज मऊ असतं आणि दिलेला आकार धरून ठेवतं. हे इस्ट्रोजेन पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, मग झपाट्याने उतरतं आणि साधारण सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीला येतं. जपानमधल्या डॉक्टरांनी, मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1984 मध्ये हे नीट मांडलं. मऊ वेष्टनातली बारीक तार किंवा तयार मिळणारा साचा कानाच्या खाचेत बसवायचा, चिकटपट्टीने कान मागे धरून ठेवायचा आणि काही आठवडे तसाच ठेवायचा, एवढंच. ना भूल, ना टाके. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू केलं तर सगळ्यात चांगला रिझल्ट, उशीर होत जाईल तसे जास्त आठवडे लागतात आणि आकार टिकायची खात्री कमी होत जाते.

काही बाळांचे कान आपोआप सुधारतात हे खरं आहे, पण कोणाचे सुधारतील हे आधी सांगता येत नाही आणि वाट बघेपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डिस्चार्जच्या आधी किंवा पहिल्या लसीच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांना कानाबद्दल सरळ विचारावं, लाजायचं काही कारण नाही. घरी मात्र सेलोटेप वगैरे लावू नका, नवजात बाळाची त्वचा सोलली जाते आणि टोपडं किंवा मालिश याने घडी पडत नाही.

वेळ गेली तर मग ऑपरेशन. त्याची घाई नसते. तीन वर्षांपर्यंत कान मोठ्या माणसाच्या कानाच्या सुमारे 85 टक्के झालेला असतो, म्हणून पाच-सहा वर्षांनंतर केलं तर वाढीला बाधा येत नाही. शाळा सुरू होते तीही त्याच सुमारास. पण मुलाला स्वतःला ते हवंय का हे मला वयापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आई-बाबांनाच कान खटकत असतील आणि पोरगं मजेत असेल तर थांबावं, हे ऑपरेशन विशीत, चाळिशीतही करता येतं. उलट मुलाने स्वतःहून विचारलं असेल तर "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावू नये. ज्याला हवं असतं ते मूल पट्ट्या सांभाळतं, कुरकुर कमी करतं, हे सर्जन लोकही सांगतात.

कानाच्या शस्त्रक्रियेचं नाव निघालं की आपल्याकडे सुश्रुत आठवतो आणि ते बरोबरच आहे, सुश्रुतसंहितेत फाटलेली पाळी जोडायच्या पंधरा पद्धती आहेत, पण तो विषय पाळीचा. बाहेर आलेले कान दिसायला बरे व्हावेत म्हणून केलेलं ऑपरेशन न्यूयॉर्कच्या एडवर्ड एली यांनी 1881 मध्ये छापलं. त्यांनी त्वचा आणि कार्टिलेजची पट्टी कापून काढली, कान मागे गेला. खरी मेख कळली ती 1910 मध्ये, विल्यम लकेट यांनी सांगितलं की कान ओढून मागे शिवू नका, हरवलेली घडी परत तयार करा. पण ते कार्टिलेज आरपार कापायचे, त्यामुळे घडीच्या जागी धारदार कड दिसायची. मग 1963 मध्ये स्कॉटलंडच्या जॅक मस्टार्डे यांनी कापाकापी सोडून नुसत्या टाक्यांनी कार्टिलेज मागून वळवलं, आणि 1968 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड फर्नस यांनी खोल वाटी कानामागच्या हाडावरच्या आवरणाला टाके घालून मागे बांधली. आजही जगभर या दोन टाक्यांवरच बरंचसं काम चालतं. तिसरी युक्ती अशी की कार्टिलेजच्या एका बाजूवर हलके ओरखडे काढले की ते उलट्या बाजूला वळतं, कारण त्याच्या पृष्ठभागावर ताण अडकलेला असतो आणि ओरखड्याने तो मोकळा होतो. ग्लासगोच्या गिब्सन आणि डेव्हिस यांनी 1958 मध्ये हे बरगडीच्या कार्टिलेजवर दाखवलं होतं, नंतर ते कानासाठी वापरात आलं.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं तर लहान मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांना बरेचदा फक्त कान बधिर करून भागतं. सर्जन बोटाने कान मागे दाबतात, घडी कुठे पडतेय ते बघतात आणि तिथे निळ्या शाईत बुडवलेली सुई पुढून मागे आरपार घालतात. कानामागे छेद घेतला की कार्टिलेजवर ते निळे ठिपके दिसतात, टाके त्यांच्या हिशोबाने पडतात. मग एकेक गाठ थोडी थोडी आवळत, दर वेळी समोरून बघत, घडी वळवायची. इथेच हात सांभाळावा लागतो, कारण मधला भाग जास्त आवळला तर वरचं टोक आणि पाळी बाहेर राहते आणि कान जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसतो, डॉक्टर त्याला टेलिफोन इअरच म्हणतात. चांगल्या कामात समोरून बघितलं तर बाहेरची कड दिसायला हवी, कान डोक्याला चिकटवल्यासारखा नको. दोन्ही कानांच्या डोक्यापासूनच्या अंतरातला फरक कुठेही 3 मिलिमीटरच्या आत असावा असा जुना निकष आहे, तो हुबेहूब सारखेपणाचा नाही, कारण जन्मतःही दोन कान सारखे नसतात. सगळं मिळून तास-दोन तासांचं काम.

नंतरची काळजी मात्र पालकांच्या हातात असते. डोक्याभोवतीचं बँडेज काही दिवस ते आठवडाभर, मग झोपताना हेअरबँडसारखी पट्टी अजून महिना-दीड महिना. थोडं दुखणं, बधिरपणा चालतो. पण एकाच बाजूचं दुखणं वाढत चाललं तर गोळी देऊन झोपवू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, आत रक्त साकळलेलं असू शकतं. कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून त्याला पोषण मिळतं, मधे रक्त साकळलं की ते पोषण तुटतं. कोल्हापूरच्या तालमीतले मोडलेल्या कानांचे पैलवान आठवा, तिथे हेच झालेलं असतं, वारंवार घासून, आपटून रक्त साकळतं आणि नंतर तो भाग कडक, गाठीगाठीचा होऊन बसतो. आखाड्यात तो मानाचा कान, ऑपरेशननंतर तो कोणालाच नको असतो. जंतुसंसर्ग, टाका वर येणं, कान थोडा परत बाहेर येणं, हेही होऊ शकतं. आणि आपल्या लोकांनी आवर्जून विचारावं ते केलॉइडबद्दल, म्हणजे जखमेवर वाढत जाणारा जाड व्रण. आपल्या त्वचेत तो जास्त होतो, घरात कोणाला कान टोचल्यावर तशी गाठ आली असेल तर सर्जनला ते आधीच सांगा.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी बघा, आणि त्यांनी केलेल्या कानांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा, तेही समोरून आणि मागून काढलेले. दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे हेल्थ इन्शुरन्स सहसा देत नाही, त्यामुळे खर्च लेखी विचारून घ्या, परत टाके घालावे लागले तर त्याचं काय हेही. सुट्टी बघून तारीख धरा, पण मे महिन्यात बँडेजखाली घामाने पोरं हैराण होतात, जमलं तर दिवाळीची सुट्टी बरी. शाळा सुरू झाली तरी कबड्डी, फुटबॉल, कराटे हे दीड महिना तरी नाही, आणि कान पुढे ओढणारा टी-शर्ट डोक्यातून घालण्यापेक्षा बटणाचा शर्ट घाला.