उतारावर पुढचा ब्रेक लावायचाच नाही? एक खुलासा

खडकाळ, तीव्र उतारावर सायकल उतरवताना ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील’ हा सल्ला नवख्यांना हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि धोकादायकही.

ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो. उतारावर तर तो आधीच पुढे झुकलेला असतो. मागचं चाक हलकं होतं. त्याला पकड कुठून मिळणार? नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते चाक लॉक होऊन घसरत जातं, वेग फारसा कमी होत नाही, शिवाय वाटेची माती उकरली जाते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच चाकात असते.

मग माणसं हँडलवरून फेकली का जातात? ब्रेक एकदम आवळल्यामुळे, अंग पुढे कलल्यामुळे, किंवा चाक खडकाच्या खाचेत अडकत असतानाच ब्रेक दाबल्यामुळे.

दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू दाबा. टाचा खाली, कोपरं वाकलेली, सीट आधीच खाली घेतलेली. कंबर थोडी मागे न्या, पण फार नको; पुढचं चाक हलकं झालं की वळतच नाही. वेग मोठ्या दगडाच्या अलीकडेच कमी करा आणि दगडावरून जाताना पुढचा ब्रेक सोडून चाक फिरू द्या. सुट्या खडीच्या वळणावर मात्र तो जपूनच वापरा.